बासरी, ब्रास आणि बोंबाबोंब

सिडनीच्या ‘स्पीड’ या बँडचं ‘द फर्स्ट टेस्ट’ हे गाणं नव्या श्रोत्याला हमखास चकवतं. गिटारी गुरगुरत असतात, ड्रमवाला तुटून पडलेला असतो, गायक जेम सिओ घसा ताणून ओरडत असतो आणि ऐन भरात तो बासरी उचलून ओठांना लावतो. धातूची, पाश्चात्त्य वाद्यवृंदात वाजते ती आडवी बासरी. छोटीशी फिरत होते आणि सगळा बँड पुन्हा अंगावर येतो. २०२४ मध्ये या तुकड्याची क्लिप जगभर फिरली. बऱ्याच जणांना ती लक्ष वेधण्याची क्लृप्ती वाटली. पण सिओ हा व्यवसायाने बासरीचा शिक्षक आहे. जे वाद्य तो दिवसा शिकवतो तेच त्याने रात्रीच्या कामावर नेलं, इतकंच.

त्याच वर्षी जुलैत आलेला स्पीडचा पहिला पूर्ण अल्बम ‘ओन्ली वन मोड’ हार्डकोअर पंक या प्रकाराशी ओळख करून घ्यायला उत्तम आहे. तो छोटा आहे, आडवळणं घेत नाही, आणि त्यातली चीड आव आणलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या मानाच्या ‘एरिया’ पुरस्कारांत हार्ड रॉक आणि हेवी मेटल गटात तोच सर्वोत्तम ठरला.

पंक म्हटलं की आपल्याकडे अजून रंगवलेले उभे केस आणि कानातल्या सेफ्टी पिना आठवतात. तो १९७६-७७ चा पंक. न्यूयॉर्कचे रामोन्स, लंडनचे सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश यांचा. हार्डकोअर हे त्याचं धाकटं आणि जास्त तापट भावंड. १९८० च्या आसपास वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या पोरांना मूळ पंकही संथ वाटू लागला. त्यांनी गाण्यांचा वेग वाढवला, सोलो काढून टाकले आणि दीड मिनिटात सांगायचं ते सांगून मोकळे होऊ लागले. वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’चं ‘स्ट्रेट एज’ हे गाणं जेमतेम पाऊण मिनिटाचं आहे. त्यातून दारू आणि अमली पदार्थांना नकार देणाऱ्या तरुणांची चळवळच उभी राहिली. पंकवाले म्हणजे व्यसनी, असं सरसकट समजणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं. मायनर थ्रेटच्या इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये स्वतःची ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली, कारण त्यांची गाणी दुसरं कोणी छापणार नव्हतं. ती आजही चालू आहे.

हार्डकोअरच्या गाण्याची घडण सोपी असते. आधी वेग येतो, मग अचानक लय निम्म्यावर उतरते आणि जड, ठाशीव ठोके सुरू होतात. याला ब्रेकडाउन म्हणतात. या क्षणी समोरची गर्दी एकमेकांवर आदळू लागते, कोणी मंचावर चढून लोकांच्या डोक्यांवर उडी घेतं, आणि गायक माइक पहिल्या रांगेपुढे धरतो. पुढची ओळ लोक म्हणतात. गाणं पाठ असणारा प्रत्येक जण त्या क्षणापुरता बँडचा सभासद असतो. घरी हेडफोन लावून ऐकताना हा भाग मनाने भरून काढावा लागतो. एरवी नुसती बोंबाबोंब ऐकू येते.

गेल्या चार-पाच वर्षांत या प्रकारात आलेल्या चांगल्या रेकॉर्डांनी बाहेरचं काही ना काही घरात आणलं आहे. कुठे बासरी आली, कुठे रॅप, कुठे क्लबातला नाचाचा ठेका. त्यांतलं काय टिकेल हे ओळखायची एक कसोटी आहे: आणलेली गोष्ट त्या माणसांच्या जगण्यातली आहे, की शोभेसाठी लावलेली?

बाल्टिमोरच्या ‘टर्नस्टाइल’ला ही कसोटी लावली की उत्तर थोडं गुंतागुंतीचं येतं. २०१० पासून छोट्या हॉलांत वाजवणाऱ्या या बँडचा ‘ग्लो ऑन’ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. साथीच्या काळात घरात कोंडलेल्या लोकांना तो अगदी वेळेवर मिळाला. पंधरा गाणी, साधारण पस्तीस मिनिटं. पहिल्याच गाण्याची सुरुवात चमचमत्या सिंथेसायझरने होते, मध्ये लॅटिन वळणाचे ताल येतात, आणि ‘ब्लड ऑरेंज’ या नावाने गाणारा देव हाइन्स चक्क हळुवार गातो. तरी ब्रेकडाउन आला की अंग आपोआप हलतं. या दशकातली हार्डकोअरची सर्वांत महत्त्वाची रेकॉर्ड कोणती, या प्रश्नाला बहुतेक जण हेच नाव घेतील आणि त्यांच्याशी वाद घालायचं कारण नाही.

त्यानंतरचा ‘नेव्हर इनफ’ जून २०२५ मध्ये आला. प्रकाशनाच्या महिनाभर आधी बँडने बाल्टिमोरच्या वायमन पार्क डेलमध्ये फुकट कार्यक्रम केला आणि बेघरांना वैद्यकीय सेवा देणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा केला. अल्बमला ग्रॅमीची पाच नामांकनं मिळाली आणि ती रॉक, मेटल व अल्टरनेटिव्ह अशा तीन वेगवेगळ्या गटांत विभागलेली होती. सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. मात्र खरं सांगायचं तर हा अल्बम ‘ग्लो ऑन’इतका धारदार नाही. काही गाणी आधीच्या यशस्वी साच्यातूनच काढल्यासारखी वाटतात आणि गायक ब्रेंडन येट्सच्या आवाजावर इतका प्रतिध्वनी चढवला आहे की शब्द लांबूनच ऐकू येतात. त्यातलं ‘लुक आउट फॉर मी’ मात्र ऐकायलाच हवं. जवळजवळ सात मिनिटांच्या या गाण्याचा उत्तरार्ध हार्डकोअर सोडून सरळ ‘बाल्टिमोर क्लब’मध्ये शिरतो. हे त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेलं नृत्यसंगीत, त्यामुळे ते उसनं वाटत नाही. ‘सनशॉवर’च्या शेवटीही बासरी आहे. ती लंडनचा नामवंत जॅझवादक शबाका हचिंग्सने वाजवली आहे. स्पीडची बासरी गाण्याच्या मानगुटीवर बसते, ही गाणं संपल्यावर धुक्यात विरते. वादक मोठा शबाकाच. पण गाण्याला गरज होती ती सिओच्या बासरीची.

हार्डकोअरमध्ये भेसळ नको, असा गळा काढणारे जुने श्रोते आहेतच. त्यांना ‘बॅड ब्रेन्स’ची आठवण करून द्यावी लागते. हा प्रकार घडवणाऱ्या पहिल्या बँडांपैकी हा एक. चौघेही कृष्णवर्णीय, आधी जॅझ फ्यूजन वाजवलेले, आणि सुसाट गाण्यांच्या मधोमध निवांत रेगे वाजवणारे. १९८२ मध्ये कॅसेटवर निघालेला त्यांचा पहिला अल्बम ऐकला तर शुद्धतेचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

फिलाडेल्फियाचा ‘सोल ग्लो’ याच घराण्याचा म्हणता येईल. मार्च २०२२ चा त्यांचा ‘डायस्पोरा प्रॉब्लेम्स’ हा या लेखातला सर्वांत दाट अल्बम आहे. पियर्स जॉर्डन इतक्या वेगाने शब्द फेकतो की छापील बोल समोर ठेवल्याशिवाय निम्मे हाती लागत नाहीत. हाती लागतात तेव्हा त्यांत कर्ज आहे, पोलीस आहेत, डोक्यात घोळणारे मरणाचे विचार आहेत आणि भरपूर काळा विनोद आहे. एका गाण्यात ब्रास वाद्यं घुसतात. शेवटच्या गाण्यात मॅकिन्ले डिक्सन आणि लोजी हे रॅपर येतात, आणि कुठे हार्डकोअर संपून रॅप सुरू झाला हे सांगता येत नाही, कारण या मुलांनी दोन्ही बरोबरच ऐकलेलं आहे. एका बैठकीत हा अल्बम झेपत नाही. दोनदा-तीनदा ऐकावा. लॉस एंजेलिसच्या ‘झुलू’चा ‘अ न्यू टुमॉरो’ (२०२३) त्या मानाने मवाळ. प्रचंड जड गाण्यांच्या मध्ये सोल आणि जॅझच्या झुळका आणि प्रेमाची भाषा, ही त्याची खासियत.

केंटकीच्या ‘नॉक्ड लूज’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये जिमी किमेलच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात ‘सफोकेट’ हे गाणं पॉपी या गायिकेसोबत सादर केलं, तेव्हा घरबसल्या प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. लहान मुलं घाबरली, असंही काहींनी लिहिलं. बँडला याहून चांगली जाहिरात मिळाली नसती. ज्या अल्बममधलं हे गाणं आहे तो ‘यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू’ अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि मेटलच्या सीमेवर उभा आहे. ‘सफोकेट’च्या शेवटी ब्रेकडाउनखाली रेगेटॉनचा ठेका सरकतो. कसोटीवर तो शोभेचाच म्हणावा लागेल. पण ज्या खोडकरपणाने तो लावलाय, त्याला दाद द्यायलाच हवी.

एके काळी हार्डकोअरच्या मैफिलींत मुलींनी मागे उभं राहून मुलांचे कोट सांभाळायचे, अशी स्थिती होती. १९९० च्या दशकातल्या ‘रायट ग्रर्ल’ चळवळीने ती मोडायला घेतली. ब्रायटनच्या ‘लँब्रिनी गर्ल्स’ त्या वाटेवर बऱ्याच पुढे आल्या आहेत. जानेवारी २०२५ मधल्या ‘हू लेट द डॉग्ज आउट’मध्ये ऑफिसातला लैंगिक त्रास, पोलिसांची मुजोरी, पैसेवाल्यांनी गिळलेल्या जुन्या वस्त्या आणि स्वतःच्या शरीराशी चाललेलं भांडण हे सगळं येतं, आणि तरीही ऐकणाऱ्याला हसू फुटतं. बँडचं नाव इंग्लंडातल्या एका स्वस्त, फेसाळ नासपतीच्या दारूवरून घेतलेलं आहे, यावरून सूर लक्षात यावा. कॅलिफोर्नियातल्या ‘स्काउल’ची गोष्ट उलटी. २०२१ मधली त्यांची ‘हाउ फ्लॉवर्स ग्रो’ पंधरा-सोळा मिनिटांत चावे घेऊन संपायची. एप्रिल २०२५ मधला ‘आर वी ऑल एंजल्स’ सुरेल आणि गुळगुळीत आहे. कॅट मॉसला गाता येतं हे त्यातून कळलं, पण जुने दात कुठे गेले, असं वाटत राहतं.

मेलबर्नचे ‘अमिल अँड द स्निफर्स’ हार्डकोअरपेक्षा पबमधल्या रॉकला जवळचे. ‘कार्टून डार्कनेस’ (ऑक्टोबर २०२४) मध्ये एमी टेलर हवामानबदलापासून तिच्या कपड्यांवर शेरे मारणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी शहरातल्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये फुकट कार्यक्रम ठेवला. इतकी गर्दी लोटली की सुरक्षेसाठी तो ऐनवेळी रद्द झाला. बँडने त्याचं मानधन शहरातल्या छोट्या संगीत-बारांना वाटून टाकलं, की आलेल्या लोकांना आमच्या नावावर प्यायला द्या.

लंडनच्या ‘हाय व्हिस’वर थोडक्यात, कारण त्यांना ऐकायला फार समजावून सांगावं लागत नाही. ‘गाइडेड टूर’ (२०२४) मध्ये कामगार वस्तीतली उदासी आहे, मँचेस्टरच्या जुन्या गिटार-बँडांची सावली आहे, आणि ‘माइंड्स अ लाय’ या गाण्यात हाउस संगीतातला बाईचा आवाज मध्येच तरंगतो. ज्यांना ओरडणं मुळीच सहन होत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

नवं काही आणायलाच हवं, असंही नाही. टर्नस्टाइलच्याच बाल्टिमोरमधला ‘एंड इट’ हा बँड ऑगस्ट २०२५ मधल्या ‘राँग साइड ऑफ हेवन’मध्ये जुनाच खाक्या चालवतो: छोटी गाणी, रांगडे ब्रेकडाउन आणि अकिल गॉडसीची तिखट जीभ. या लेखाची कसोटी तिथे लावायला जागाच नाही, आणि रेकॉर्ड झकास आहे. अशा बँडांचे कार्यक्रम पाहायचे असतील तर फिलाडेल्फियाच्या सनी सिंगने ‘हेट फाइव्ह सिक्स’ या नावाने जमवलेला चित्रफितींचा साठा आहे. सिंग वर्षानुवर्षं तळघरांत आणि छोट्या हॉलांत कॅमेरा घेऊन उभा राहत आलेला आहे.

मुंबईकरांना मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘ग्रीन डे’ हे पंकवाले प्रत्यक्ष ऐकायला मिळाले. बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरच्या ज्या क्लबात ते वाढले, त्यानेच मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्यांना दार बंद केलं होतं. रेसकोर्सच्या गर्दीत हा इतिहास कोणाला आठवण्याचं कारण नव्हतं. पण हार्डकोअरला मैदान मानवत नाही, त्याला छोटी खोली लागते, आणि मुंबईत नेमकी तीच महाग. तरीही ‘डेथ बाय फंजाय’सारखे बँड इथे उभे राहिले. त्यांच्या आधी ‘स्क्राइब’ होता. त्याच्या २०१० च्या ‘मार्क ऑफ तेजा’चं नाव ‘अंदाज अपना अपना’तल्या खलनायकावरून, आणि त्यातल्या एका गाण्याचं शीर्षक ‘आय लव्ह यू, पावभाजी’. नव्या रेकॉर्डांच्या यादीत २०१० ची ही रेकॉर्ड घुसडणं नियमाला धरून नाही, पण बाहेरचं संगीत आपल्या गल्लीत आणून त्याला इथलं जेवू घालण्याचा उद्योग त्या मुलांनी टर्नस्टाइलला ग्रॅमी मिळायच्या खूप आधी केला होता, आणि ती रेकॉर्ड अजूनही ताजी वाजते.