तबकडी आणि श्रोत्याचें मत

गाणें आवडलें कीं नावडलें, हें सांगावयास विद्वत्ता लागत नाहीं. परंतु तें कां आवडलें, हें सांगतांना भल्याभल्यांची वाणी अडखळते. विलायती रॉक संगीताच्या जुन्या आल्बमांविषयीं आपल्याकडील श्रोत्यांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष त्यांस गोंगाट म्हणून बाजूस सारतो. ‘क्वीन’ या मंडळीचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फरूख बलसारा, हा सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला, एवढ्यावरून दुसरा पक्ष तिच्या तबकड्यांस पैकीच्या पैकी गुण देतो. दोन्ही मतें तबकडी ऐकण्यापूर्वींच ठरलेलीं असतात.

मत देण्यापूर्वीं वस्तूचें माप ठाऊक हवें. सांगली जिल्ह्यांतील मिरजेस वास्तव्य केलेले खांसाहेब अब्दुल करीम खां (मृत्यु १९३७) यांच्या काळीं मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें ३ मिनिटें मावत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यांत बसवावयाचा, म्हणजे नेमकेच स्वर निवडणें आलें. त्यांची झिंझोटीची तबकडी छोटी असूनही अपुरी वाटत नाहीं, ती या निवडीमुळें. अशा अनेक तबकड्या वहीसारख्या बांधणींत ठेवीत. तिलाच प्रथम आल्बम म्हणत. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची तबकडी काढली. एका बाजूस वीसेक मिनिटें मिळूं लागलीं आणि आल्बम हा एका बैठकीचा विषय झाला.

क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा १९७५ सालचा आल्बम या मापानें तपासावा. त्यांत १२ रचना आहेत: कडक गिटार, जुन्या इंग्रजी रंगभूमीच्या थाटाचीं खेळकर गाणीं, लोकगीताची धाटणी आणि शेवटीं गिटारीवर वाजविलेलें ब्रिटिश राष्ट्रगीत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हें गाणें जवळजवळ ६ मिनिटांचें. त्यांतील भव्य समूहगान तिघांच्याच गळ्यांचें आहे. ध्वनिफितीवर आवाजावर आवाज चढवून तें उभारलें आहे. एवढी मेहनतीची बांधणी गोंगाटांत जमा करतां येत नाहीं.

मात्र एकच राग सावकाश उलगडत ऐकण्याची ज्याच्या कानास सवय आहे, त्यास ही सततची पालट अस्वस्थ करील. त्यास ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ अधिक रुचेल. कारण तेथें एकच भाव अखेरपर्यंत टिकतो. हा आक्षेप ऐकून घेतलेला आहे, म्हणून तो रास्त. पांचगणीचा अभिमान मात्र निराळा. शाळेंत असतां फ्रेडीनें सोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हें वाद्यपथक काढलें होतें. ही गोष्ट शाळेस भूषणावह खरी, पण तिनें तबकडीचा एकही स्वर अधिक गोड होत नाहीं.

श्रोत्यानें एक बाजू न थांबतां दोनदां ऐकावी, मग आवडीचें कारण एका वाक्यांत लिहावें. कारण लिहितां आलें, तर तें मत त्याचें स्वतःचें. न आलें, तर तें कोणाचें तरी उसनें आणलेलें समजावें.