हजार मुलं तपासली म्हणे, पण शाळा किती?

शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे कार्यक्रम आता खेड्यातही येऊ लागलेत. ते हवेच आहेत. परीक्षेचा ताण, घरची ओढाताण, चिडवाचिडवी, पोरं सांगत नाहीत, आतल्या आत कुढतात. पण कार्यक्रम संपला की अहवाल येतो, ‘हजार मुलांचा ताण कमी झाला.’ हा आकडा खरा धरायचा का?

शेतकऱ्याला हे पटकन समजेल. एका वावरात कपाशीचं नवं वाण लावलं, दुसऱ्यात जुनं. दोन्हीकडं हजार-हजार झाडांची बोंडं मोजली. नव्याला जास्त निघाली. पण फरक वाणाचा की जमिनीचा? झाडं दोन हजार असली तरी वावरं दोनच. म्हणून चाचणी घेताना अनेक तुकडे पाडतात आणि कुठल्या तुकड्यात कोणतं वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली.

शाळा म्हणजे असंच एक वावर. एका शाळेतल्या पोरांना गुरुजी तेच, गाव तेच, वातावरण तेच. त्यामुळं त्यांची उत्तरं थोडीफार सारखी येतात. समजा १० शाळांतली १००-१०० मुलं घेतली आणि हा सारखेपणा शंभरात फक्त पाच इतकाच धरला, तरी संख्याशास्त्राच्या हिशेबानं त्या हजार मुलांचं वजन साधारण १६८ सुट्या मुलांइतकंच भरतं. मुलं वाढवून उपयोग थोडा, शाळा वाढवाव्या लागतात.

गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात हे नीट केलं. ७५ सरकारी शाळा तीन गटांत चिठ्ठीनं वाटल्या. एका गटात प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र समुपदेशक, दुसऱ्यात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडं, तिसऱ्यात फक्त नेहमीचा सरकारी कार्यक्रम. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर काम टाकलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही. तीन गट नसते तर हे कळलंच नसतं, आणि गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून सगळे मोकळे झाले असते.

आणखी दोन खाचखळगे आहेत. पहिला, गळती. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली मुलं शेवटच्या तपासणीला नसतात. ज्यांना त्रास जास्त असू शकतो तीच यादीतून गळतात आणि निकाल उगाच चांगला दिसतो. दुसरा, वेळ. परीक्षेच्या तोंडावर पहिली तपासणी आणि सुट्टी लागल्यावर दुसरी केली, तर ताण कार्यक्रम नसतानाही उतरणारच.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी पुढच्या वेळी चार गोष्टी विचाराव्यात. शाळा किती होत्या? कार्यक्रम न झालेल्या शाळांशी तुलना केली का? शाळा चिठ्ठीनं निवडल्या की सोयीनं? मधेच गेलेल्या मुलांचं काय धरलं?

यात कार्यक्रमाला विरोध नाही. बियाणं घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पोरांच्या मनाचा प्रश्न आहे, तिथं निदान एवढं तरी विचारायला हवं.