दोन टॉर्पेडो संपले की घरी

माझगाव डॉक आणि जर्मनीची थिसेनक्रुप यांच्या सहा पाणबुड्यांच्या प्रकल्पाच्या बातम्या वाचून चंद्रपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : एवढी महागडी धुडं कशाला? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधल्या तशा छोट्या, स्वस्त पाणबुड्या डझनांनी का बांधू नयेत?

जर्मनांनी त्या डझनांनीच बांधल्या होत्या. ‘टाइप २३’ जातीच्या साठेक पाणबुड्या युद्धाच्या शेवटच्या वर्षभरात तयार झाल्या. लांबी ३५ मीटरपेक्षा थोडी कमी, वजन २३४ टन, माणसं जेमतेम १४ ते १८. तोवरची पाणबुडी म्हणजे वेळप्रसंगी बुडी मारणारी बोट. पाण्याखाली ती अक्षरशः रांगायची. ही मात्र वर पावणेदहा नॉटने चाले आणि खाली साडेबाराने! डेकवरची तोफ काढली, सांगाडा गुळगुळीत केला, बॅटरी वाढवली, एवढ्यानेच हे साधलं. अवघ्या नऊ सेकंदांत ती बुडी मारे. उथळ किनाऱ्यालगत अशी लहान, चपळ बोट हुडकणं महाकठीण. मोहिमेवर गेलेली एकही शत्रूच्या हाती लागली नाही.

‘चमत्कारी शस्त्र’ म्हणून तिचे गोडवे गाणारे इथेच थांबतात. हिशेब पुढे आहे. या साठ पाणबुड्यांनी मिळून बुडवली चार जहाजं. त्यातली दोन यू-२३३६ ने ७ मे १९४५ला स्कॉटलंडजवळ बुडवली, म्हणजे जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी. बोटीत टॉर्पेडो दोनच, जादा ठेवायला जागा नाही. ते भरतानाही शेपटीकडचा भाग पाण्याने जड करून नाक वर काढायचं आणि तराफ्यावरून टॉर्पेडो नळीच्या तोंडातून उलटा आत सारायचा. हे भर समुद्रात कोण करणार? दोन डागले की बंदर गाठायचं.

तिच्याआधीच्या ‘टाइप २’ला तर जर्मन नाविक डोंगाच म्हणत. वैनगंगा-प्राणहितेत डोंग्याने पैलतीर गाठणाऱ्यांना तिचं डुलणं वेगळं सांगायला नको. पण लहानपणाचा एक फायदा अफलातून होता. १९४२मध्ये अशा सहा पाणबुड्या काळ्या समुद्रात हव्या होत्या आणि तिकडे नेणारी बॉस्फोरसची सामुद्रधुनी बंद. मग इंजिनं उतरवून, पुलांखालून जाव्यात म्हणून चक्क कुशीवर आडव्या करून, त्या ड्रेस्डेन ते इंगोलश्टाट महामार्गाने नेल्या. पुढे डॅन्यूबमधून समुद्रात. समुद्रापासून कोसो दूर रस्त्यावरून पाणबुडी जाताना पाहणाऱ्यांचे चेहरे मला फार पाहावेसे वाटतात.

या कथेत उल्रिख गाबलर यांचं नाव क्वचितच येतं. युद्धात ते यू-५६४चे इंजिनिअर होते. नंतर ल्युबेकला त्यांनी स्वतःची आरेखन संस्था काढली. इकडे ‘टाइप २३’ची गोष्टही संपली नव्हती : १९५६मध्ये समुद्रतळातून काढलेल्या दोन ‘टाइप २३’ पश्चिम जर्मन नौदलाने पुन्हा वापरात आणल्या. त्यातली ‘हाय’ १९६६मध्ये वादळात बुडाली, २० जणांपैकी एकच वाचला. वर तरंगायला हाताशी राखीव उचल फारच थोडी, हे लहान बोटीचं जुनं दुखणं.

गाबलर यांच्याच संस्थेच्या आराखड्यावर माझगावात आयएनएस शल्की बांधली गेली आणि १९९२मध्ये नौदलात आली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. पाण्यावर वजन सुमारे १,४५० टन, टॉर्पेडो १४. आत एक पोलादी गोलही आहे : संकटात सगळेच्या सगळे ४० जण त्यात बसून पृष्ठभागावर येऊ शकतात. ‘टाइप २३’मध्ये एवढी जागा काढायची तर आधी ते दोन टॉर्पेडोच किनाऱ्यावर ठेवावे लागले असते.