वाहकाची ओळख आणि एका अक्षराची चूक

जमाखर्चाच्या तपशिलाबरोबर वैद्यकशास्त्रातील एखादा विषय सोप्या भाषेत मांडावा, या हेतूने हा लेख आम्ही सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत. विषय आहे तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांचा. असे निदान झाले की कुटुंबात पहिला प्रश्न निघतो, ‘हे आले कोणाकडून?’ आणि बहुधा बोट आईकडे दाखविले जाते. शास्त्राचे उत्तर याहून अधिक न्याय्य आहे.

अन्नातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा मिळवून देण्याचे काम मुख्यतः तंतुकणिका करतात. त्यांच्याजवळ स्वतःचा छोटासा डीएनए असतो व तो आपल्याला आईकडून मिळतो. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी १९८१ साली तो संपूर्ण वाचला. त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आणि ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुके प्रथिनांची, २ प्रथिने जुळविणाऱ्या यंत्रणेतील आरएनएची आणि तब्बल २२ ‘वाहक आरएनए’ची आहेत.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही आम्ले एकेक करून जागेवर पोचविणे हे वाहकाचे काम. परंतु कोणत्या वाहकाच्या हाती कोणते आम्ल द्यायचे, हे ठरवितात विकरे, म्हणजे एन्झाइम. रुग्णालयाच्या औषधभांडारात वॉर्डातून आलेल्या सेवकाची ओळख पटवूनच भांडारपाल औषध हाती देतो, तसेच हे आहे. पुढे प्रथिन जुळविणारी यंत्रणा वाहकाची चिठ्ठी तेवढी पाहते. त्याच्या हातातील माल सहसा तपासीत नाही. म्हणून खरी दक्षता विकरालाच घ्यावी लागते.

विकर वाहकाचे सर्व अंग वाचत बसत नाही; काही ठरावीक खुणा पाहते. अनेकदा एका टोकाची तीन सांकेतिक अक्षरे, आम्ल जोडले जाते त्या टोकाजवळचे एक अक्षर आणि वाहकाची एकूण घडण, एवढ्यावर ओळख पटते. मात्र मानवी तंतुकणिकेतील वाहक काटकसरीने घडलेले आहेत. सेरीन नेणाऱ्या दोन वाहकांपैकी एकाला तर एक भुजाच नाही, शिवाय दोघांची सांकेतिक अक्षरेही भिन्न आहेत. तरीही एकच विकर दोघांना ओळखते. गाईच्या तंतुकणिकांवरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे विकर दोघांना निरनिराळ्या रीतीने ओळखते, असे दिसून आले.

खुणा इतक्या मोजक्या असल्यावर एका अक्षराची चूकही महागात पडते. जपानी संशोधकांनी १९९० मध्ये दाखविले की, ३२४३ व्या स्थानी ‘ए’ऐवजी ‘जी’ आल्यास ‘मेलास’ हा आजार उद्भवतो. त्यात पक्षाघातासारखे झटके, आकडी व स्नायूंची दुर्बलता ही लक्षणे आढळतात. ही चूक ल्यूसीन नेणाऱ्या वाहकात आहे. त्याची घडण बिघडते आणि त्यावर आम्ल चढविण्याचे काम मंदावते. शिवाय सांकेतिक अक्षरावर टॉरिनयुक्त खूण उमटविणारी यंत्रणाही आपले काम नीट करू शकत नाही. हाच बदल काही कुटुंबांत मधुमेह व बहिरेपणा यांच्या रूपाने दिसतो, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाहकांची जनुके आईकडून येतात; परंतु त्यांना ओळखणाऱ्या विकरांची जनुके पेशीकेंद्रकात असतात व ती आई आणि वडील या दोघांकडून मिळतात. अॅस्पार्टिक आम्लाच्या विकरातील दोषाने मेंदू व मज्जारज्जूचा एक आजार होतो, हे २००७ मध्ये आढळले. त्यात सामान्यतः दोघेही निरोगी पालक दोषाचे वाहक असतात. म्हणजे वाहकाचा दोष आईच्या वाटेने येतो, तर विकराचा दोष दोघांच्या वाटेने येऊ शकतो. कधी तो नव्यानेही उद्भवतो. यात कोणाचाही अपराध नाही.

एकाच आईच्या मुलांत सदोष डीएनएचे प्रमाण वेगवेगळे असते, म्हणून एक मूल आजारी व दुसरे निरोगी असू शकते. ३२४३ चा दोष वयाबरोबर रक्तात कमी आढळू लागतो. अशा वेळी लघवीची तपासणी अधिक उपयोगी ठरते. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र मेलासमधील झटके टाळण्यासाठी जपानने २०१९ मध्ये टॉरिनच्या वापरास मान्यता दिली.

नातेवाइकांना आमची विनंती एवढीच की, आईच्या बाजूला मधुमेह व बहिरेपणा एकत्र आढळत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. आकडीवरील व्हॅल्प्रोएट आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधांबाबत अशा रुग्णांत विशेष सावधगिरी लागते. तथापि कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. देणगीदारांनीही हे ध्यानी घ्यावे की, अचूक निदान म्हणजे केवळ अहवालाचा एक कागद नव्हे. एखाद्या मातेच्या मनावरील विनाकारण दोषाचा भार त्याने उतरतो.