उचल बंद, पगार सुरू

चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सीए मॅडमचं ऑफिस आहे. जानेवारीतली शनिवारची संध्याकाळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरची फॉर्म भरण्याची धावपळ संपली आहे, मार्चअखेरची अजून सुरू व्हायची आहे. म्हणून सवडीने बोलायला मॅडमनी आजची वेळ दिली आहे. टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं बसलो आहोत: दादा, वहिनी आणि मी. दादाच्या हातात एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस खात्याचं पत्र आहे, वहिनींच्या मांडीवर वर्कशॉपचं लाँगबुक.

पत्र छोटंच आहे. यापुढे नव्या भागांच्या ऑर्डरी देताना प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना प्राधान्य दिलं जाईल, असं त्यात म्हटलं आहे. दादा ते पुन्हा एकदा वाचतो आणि टेबलावर ठेवतो.

दादाचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे, भाड्याच्या गाळ्यात. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, बारा कामगार. वर्षाची उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास. कायद्याच्या नजरेत मात्र हा सगळा पसारा म्हणजे दादा स्वतः. पाटीवर फर्मचं नाव आहे, पण पॅन दादाचाच, जीएसटी नोंदणी त्याच्याच पॅनवर, कर्ज त्याचं आणि देणीही त्याचीच.

"साहेब, आधी एक सांगा," मॅडम विचारतात, "कंपनी कशासाठी करायची आहे? फक्त या पत्रासाठी?"

"पत्र तर आहेच. पण कंपनी केली की टॅक्सही कमी बसतो म्हणतात. आमच्या लाइनीतले सगळे हेच सांगतात."

मॅडम कॅल्क्युलेटर पुढे ओढतात आणि कोरा कागद घेतात. "मागच्या वर्षी तुमचा नफा तीस लाखांच्या घरात होता. तीसच धरू. २०२५-२६ चे दर, नवी कररचना." टप्पे एकाखाली एक उतरत जातात. चार लाखांपर्यंत काही नाही, मग पाच टक्के, दहा, पंधरा, वीस, पंचवीस आणि चोवीस लाखांच्या वर तीस. चार टक्के उपकर मिळवून आकडा येतो ४,९९,२००. मॅडम त्याभोवती चौकट आखतात.

"आता कंपनी. सवलती सोडून देणारा बावीस टक्क्यांचा दर घेतला तर अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. सगळे तीस लाख कंपनीतच ठेवले तर साडेसात लाखांवर कर बसेल."

"म्हणजे जास्तच?" दादा पुढे सरकतो.

"सगळा नफा कंपनीत ठेवला तर जास्त. पण तुम्ही संचालक म्हणून पगार घेणार. समजा वर्षाला चोवीस लाख. पगारावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. तुमचा कर २,९२,५००. कंपनीत उरलेल्या सहा लाखांवर १,५१,००८. बेरीज करा."

बेरीज वहिनीच करतात, तोंडीच. "चार लाख त्रेचाळीस हजार पाचशे आठ. पंचावन्न हजार वाचले."

"हो. आणि ते सहा लाख कंपनीत राहिले तरच. लाभांश म्हणून काढले तर तुमच्या हातात त्यांच्यावर पुन्हा कर. २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्यालाच भरावा लागतो."

वहिनींनी ५५ हजारांचा आकडा लाँगबुकच्या मागच्या पानावर लिहून घेतला आहे. आता त्या पेन न ठेवताच विचारतात, "आणि तुमची फी? आत्ता आम्ही वर्षाला ३६ हजार देतो."

मॅडमना हा प्रश्न आवडलेला दिसतो. त्या नव्या कागदावर चार ओळी लिहितात. हिशेब सांभाळणं आणि जीएसटी-टीडीएसची विवरणपत्रं, ४८ हजार. वैधानिक ऑडिट, ३५ हजार. कंपनी कायद्याचे वार्षिक फॉर्म, सभांची इतिवृत्तं, नोंदवह्या, २० हजार. कंपनीचं आणि दोघा संचालकांचं आयकर विवरण, १२ हजार. एकूण १,१५,०००. स्थापनेचा एकवेळचा खर्च निराळा. "हा माझ्या ऑफिसचा आणि तुमच्या व्यापाचा अंदाज. दुसरीकडे कमी-जास्त मिळेल. पण कुठेही गेलात तरी या चार ओळी चुकत नाहीत, एवढं बघून घ्या. कुणी फारच स्वस्तात करून देतो म्हणाला तर यातली कुठली ओळ गाळली आहे ते आधी विचारा."

फी ७९ हजारांनी वाढते, कर वाचतो ५५ हजार. दोन्ही आकडे वहिनींच्या पानावर शेजारी शेजारी आहेत. दादा ते पाहतो आणि गप्प बसतो. नुसत्या कराच्या हिशेबाने गेलं तर कंपनी परवडत नाही, हे या दोन आकड्यांनी लख्ख दाखवलं आहे.

"पण ऑडिटची ओळ वेगळी का?" मी विचारतो. "हिशेब तुम्हीच बघणार, मग ऑडिटही तुम्हीच करा."

"नाही करता येत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीचा ऑडिटर तिचे हिशेब लिहिण्याचं काम घेऊ शकत नाही. जमाखर्च मी सांभाळला तर सही दुसऱ्या सीएची. आणि ऑडिट प्रत्येक कंपनीला आहेच, उलाढाल एक रुपया असो की शंभर कोटी. तुम्ही एकटे मालक आहात आणि तुमचे सगळे व्यवहार बँकेतून होतात, म्हणून दहा कोटींपर्यंत टॅक्स ऑडिटची सक्ती नव्हती. कंपनीच्या ऑडिटला ती मोकळीक नाही. नोंदणी झाल्यापासून तीस दिवसांत संचालक मंडळाने पहिला ऑडिटर नेमायचा."

मग त्या तारखा सांगतात. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा. पहिल्या वर्षी नऊ महिने मिळतात. सभेनंतर तीस दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म, साठ दिवसांत वार्षिक विवरणाचा. उशीर झाला तर दर फॉर्ममागे दर दिवशी शंभर रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. वहिनी पुन्हा तोंडी हिशेब करतात: दोन फॉर्म, एक वर्ष, ७३ हजार.

"तेवढ्यावर संपत नाही. सलग तीन वर्षं विवरण गेलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांवर कंपन्या नोंदवहीतून काढून टाकल्या आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले. दर वर्षी कागद भरायचे असतात, ही साधी गोष्टही त्यातल्या कितीतरी छोट्या मालकांना कुणी सांगितली नव्हती."

मॅडम हाक मारतात तसा आर्टिकलशिप करणारा मुलगा लॅपटॉप घेऊन येतो. त्यांना आम्हाला टॅली दाखवायचं आहे. सरावासाठी बनवलेल्या एका खात्यात तो डिझेलचं पाच हजारांचं व्हाउचर उघडतो, रक्कम साडेपाच हजार करतो आणि जतन करतो. मग एडिट लॉग उघडतो. पडद्यावर दोन्ही नोंदी दिसतात: आधीचे ५,०००, नंतरचे ५,५००, बदल कुणी केला, कोणत्या तारखेला, किती वाजता. "१ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं," तो सांगतो, "आणि हा लॉग बंद करून चालत नाही. ऑडिटरला अहवालात त्याबद्दल लिहावं लागतं."

वहिनी पडद्याकडे बराच वेळ बघत राहतात. मग लाँगबुक उघडून मॅडमपुढे सरकवतात. मीही वाकून पाहतो. डिसेंबरचं पान आहे. निळ्या शाईत, सुबक अक्षरात: इन्सर्ट, ४,२००. कटिंग ऑइल, ६,८००. त्याखाली धाकटीची क्लासची फी, १५,०००. मग टेम्पो भाडं, मग घरचा गॅस, मग शेजारच्या गाळ्याला हातउसने १०,०००, मग सोसायटीचा मेन्टेनन्स. घरखर्चाच्या प्रत्येक नोंदीपुढे बारीक 'उ'. उचल. एकट्या मालकाच्या हिशेबात यात काहीच चूक नाही. पैसा त्याचा, उचल त्याची, वर्षाअखेरी भांडवलातून वजा.

"वहिनी, हिशेब चोख आहे," मॅडम म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. "पण कंपनी झाल्यावर हा 'उ' लिहिता येणार नाही. कंपनीचा पैसा साहेबांचा नसतो. पगार, लाभांश, भाडं, त्यांनी कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड, अशा ठरलेल्या वाटांनीच तो घरी येतो. मधूनच काढून कर्ज म्हणून दाखवलात तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत आयकर खातं तो लाभांश धरू शकतं. शेजारच्या गाळ्याला हातउसने देणंही सोपं राहत नाही."

"माझीच कंपनी, आणि मलाच पैसे काढायची बंदी?"

यावर मॅडम लंडनच्या एका चांभाराची हकिगत सांगतात. व्हाइटचॅपलमध्ये बूट बनवणारा ॲरन सॉलोमन. चांगला चाललेला एकट्याचा धंदा त्याने १८९२ मध्ये लिमिटेड कंपनीला विकला. कायद्याला सात भागधारक लागत. म्हणून तो, बायको, मुलगी आणि चार मुलगे. बाकी सहा जणांकडे एकेक शेअर, उरलेले सगळे त्याचे. थोड्याच काळात कंपनी बुडाली. लिक्विडेटर म्हणाला, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, देणी त्यानेच भागवावीत. खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलं. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र निकाल फिरवला: रीतसर नोंदलेली कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे आणि तिची देणी तिचीच. आपल्याकडची न्यायालयंही हेच तत्त्व धरून चालतात.

"तुम्हाला जे संरक्षण हवं आहे ते त्या वेगळेपणातून येतं. सदोष मालाची भरपाई मागितली गेली तर ती कंपनीकडे, तुमच्या फ्लॅटकडे नाही. पण पैसा काढताना 'माझीच कंपनी' आणि देणी आली की 'कंपनी वेगळी', असं दोन्हीकडून चालत नाही."

दादा मान हलवतो. पण वर्कशॉप चालवणारा माणूस तो, नेमका प्रश्न काढतोच. "बँकेचं काय? सीसी लिमिटला फ्लॅट तारण आहे."

"तो तारणच राहणार. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. तेवढ्या कर्जापुरतं मर्यादित देयतेचं कवच तुम्ही स्वतःच्या सहीने उतरवता. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा आराखडा मंजूर झाला, तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात सांगितलं आहे. बँकेपासून वाचण्यासाठी करत असाल तर कंपनी करू नका."

मला वाटतं, आज मॅडमच्या फीचं मोल इथेच दिसतं. अर्ज भरून देणारे पुष्कळ मिळतात. कंपनी काय देत नाही, हे सही करण्याआधी सांगणारा माणूस मिळणं फार महत्त्वाचं आहे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कितीतरी कारागीर हातातल्या कौशल्यावर उभे राहतात आणि कागदांपाशी एकटे पडतात. त्यांना असं समोर बसवून, आकडे मांडून समजावणं ही मोठी सेवा आहे.

मग कर नाही, बँक नाही, तर कंपनी कशासाठी? उत्तर वहिनींकडून येतं आणि ते या पत्रात नाही. मागच्या वर्षी दादाची अँजिओप्लास्टी झाली. "हे आयसीयूत होते तेव्हा पगाराचा चेक निघाला नाही. खात्यावर यांचीच सही. बारा घरांचा पगार अडला होता. यांना काही झालं असतं तर पॅन संपला, जीएसटी संपली, ऑर्डरही संपली."

खोलीत कुणीच लगेच बोलत नाही. मग मॅडम म्हणतात, "हे खरं कारण. कंपनी मालकाबरोबर मरत नाही. शेअर वारसांकडे जातात, नोंदण्या आणि करार कंपनीच्या नावावर चालू राहतात, दुसरा संचालक सही करतो." दोन संचालक आणि दोन भागधारक ही प्रायव्हेट लिमिटेडची किमान अट आहे. दुसऱ्या संचालक वहिनीच. गेली कित्येक वर्षं हिशेब त्यांनी ठेवला, पण कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही. आता येईल. त्या पगारही घेऊ शकतील, मात्र नवऱ्याचे शेअर मोठे असल्यामुळे तो पगार आयकरात त्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. म्हणून पात्रता आणि काम दोन्ही कागदावर नीट हवं, असं मॅडम बजावतात. वहिनी बीकॉम आहेत. त्या 'प्रमाणपत्र शोधणे' असं लिहून घेतात.

पुढची कामं भराभर ठरतात. धंदा सगळ्या मालमत्ता आणि देण्यांसह, चालता धंदा म्हणून कंपनीला द्यायचा, बदल्यात दादाने फक्त शेअर घ्यायचे आणि आपला मताधिकार पाच वर्षं निम्म्याहून कमी होऊ द्यायचा नाही. म्हणजे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वहिनींनी आपल्या शेअरचे पैसे स्वतःच्या खात्यातून भरायचे. नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक, जुन्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट वेगळ्या फॉर्मने नव्याकडे. उद्यम नोंदणी, ईएसआय, पीएफ, बँक खातं, गाळ्याचा भाडेकरार, टेम्पोचं आरसी बुक, प्रत्येक गिऱ्हाइकाकडचा व्हेंडर कोड, सगळं नव्याने. वर्षाच्या मध्ये दोन ताळेबंद नकोत, म्हणून मुहूर्त १ एप्रिलचा.

"फीचं मला लेखी द्या," वहिनी म्हणतात. "या चार ओळी, कोणता फॉर्म कोण भरणार, कोणत्या तारखेला. तारीख आमच्यामुळे चुकली तर दंड आमचा, तुमच्यामुळे चुकली तर काय, तेही."

"देते. असंच मागायला हवं सगळ्यांनी."

दादा अजून लाँगबुकच्या त्या पानाकडे बघतो आहे. "आणि एखाद्या महिन्यात पगार पुरला नाही तर?"

"तर घरात भागवायचं," वहिनी सांगतात. "१ तारखेला तुमचा पगार घरच्या खात्यात येणार. त्यानंतर गाळ्यातला एक रुपया घरी यायचा नाही आणि घरचा एक रुपया लिहिल्याशिवाय गाळ्यात जायचा नाही. हे कबूल असेल तर मी संचालक होते."

"कबूल," दादा म्हणतो.

मॅडम नावाचा अर्ज उघडतात. दोन नावं सुचवता येतात. पहिलं दादा सांगतो, दुसरं वहिनी.