निवळीचे शहाणपण

आपल्या कारापूर-डिचोली भागात लहान मुलाला हगवण लागली, की जुनी माणसे दोन गोष्टी सांगत. एक, त्याचे खाणेपिणे बंद करा. दुसरी, उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ चिमूटभर मीठ घालून पाजा. पहिली घातक, दुसरी शहाणपणाची. हगवणीत मूल दगावते ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आतड्यातून साखर रक्तात शिरताना मिठाला व पाण्याला सोबत घेऊन जाते. निवळीतील पिठाची पचनात साखरच होते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजले, तेव्हा पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

म्हणून हगवणीत अंगावरचे दूध तोडू नये. पाकिटावरील मापाने केलेली जलसंजीवनी घोटघोट पाजावी; सहा महिन्यांवरील मुलाला मऊ पेजही द्यावी. मूल मलूल झाले, लघवी थांबली वा शौचात रक्त दिसले, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

परंपराही पेजेसारखीच निवळू द्यावी लागते. गाळ तळाशी ठेवून निवळ तेवढी पुढच्या पिढीच्या ओठी लावावी.