कच्चा मासा, आगळ आणि बर्फ

मी मालवणचा. त्यामुळे "तुमच्याकडे मासे कच्चेच खातात का रे?" असं रूममेट्सनी विचारलं की हसू येतं. पण परवा एकाने हवाई बेटांवरच्या 'पोके'चा फोटो दाखवला आणि फर्मान सोडलं, "सुट्टीत तुझ्या घरी हेच करायचं!" म्हणून हा लेखप्रपंच.

हवाई भाषेत पोके म्हणजे कापून तुकडे करणे. कच्च्या माशाचे तुकडे, समुद्राचं मीठ, शेवाळ आणि कुकुईच्या भाजलेल्या बियांचा कूट हे त्याचं जुनं रूप. सोया सॉस आला तो ऊसमळ्यांवर राबायला आलेल्या जपानी मजुरांमुळे. आज पोकेत बहुधा ट्यूना असतो, म्हणजे आपला कुपा.

मग कुपा आणून आगळात बुडवला की झालं? नाही! आंबटाने मासा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात फक्त प्रथिनांची रचना बदलते, आतले जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही. कृमी मारायला उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवावं लागतं. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास, त्यात मधेच लाईट जाते.

दुसरा धोका मी स्वतः भोगलाय. एका मे महिन्यात उन्हात पडलेले बांगडे स्वस्तात मिळाले म्हणून घरी नेले. तिरफळं घालून झकास तिखलं झालं. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगभर गांधी! मला वाटलं ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, हिस्टामिन. बांगडा, कुपा अशा माशांत हिस्टिडिन भरपूर असतं. मासा गरम राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की उकळून जात नाही, गोठवूनही नाही. आजीने मात्र एका वाक्यात निकाल लावला, "बर्फाशिवायचो मासो घेतलंस कित्याक?"

तेव्हा आपला पोके असा. बर्फातला पाव किलो कुपा घ्या आणि घरी येईपर्यंत बर्फातच ठेवा. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून आतपर्यंत रंग बदलेस्तोवर वाफवा. लगेच थंड करा. त्यावर चिरलेला कांदा, हिरवी मिरची, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा तिळाचं तेल आणि एक चमचा आगळ. आगळ खारट असतं, म्हणून मीठ चाखूनच. कुकुईच्या जागी भाजलेल्या काजूचा भरड कूट. खाली उकड्या तांदळाचा भात. उरवू नका, लगेच संपवा.

हवाईचा माणूस याला पोके म्हणेल का? कदाचित नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळे रूममेट्स धडधाकट उठतील. तेव्हा मंडळी, सुट्टीत जरूर या. येताना बाजारातून मासे आणणार असाल तर बर्फाचा डबा विसरू नका!